मूळपुरुष आणि त्याचा शेजारी

माझ्या माहेरची वंशावळ मिळवायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हाताने नावं घालून गेली आहेत, आणि घराण्याचा कुलवृत्तांतही छापलेला आहे. माझ्या मुलांची ही एक बाजू. दुसरी बाजू त्यांच्या वडिलांची, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकऱ्यांची, आणि ती पणजोबांच्या मागे कोरी होती. सासूबाईंकडे त्याविषयी एवढंच होतं: "तिघे भाऊ एका जहाजातून आले. एक इथे राहिला, एक व्हर्जिनियाला गेला, तिसऱ्याचं पुढे काही कळलं नाही." इथल्या जुन्या जर्मन घराण्यांत चौकशी केलीत तर हेच तिघे भाऊ घरोघरी भेटतात. मुलांना दोन्हीकडची माणसं सारखीच माहीत असावीत असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं.

आडनाव आणि जर्मनीतल्या गावाचं नाव इथे देत नाही, कारण हयात नातेवाईक पुष्कळ आहेत. बाकी जसं घडलं तसं सांगते.

पहिला धागा सासूबाईंच्या लाकडी पेटीत होता. झाकणाच्या आतल्या बाजूला एक रंगीत कागद चिकटवलेला होता, १७९७ सालचा टाउफशाइन, म्हणजे जन्माचा आणि बाप्तिस्म्याचा दाखला. मधोमध मोठा बदाम, दोन्ही बाजूंना पोपट, खाली ट्यूलिपची फुलं, वर पंख पसरलेले देवदूत. मजकूर फ्राक्टूर या जुन्या जर्मन वळणाच्या छापील अक्षरांत आणि मधल्या गाळलेल्या जागा शाईने हाताने भरलेल्या. घरातल्यांनी तो नुसता शोभेचा कागद म्हणून जपला होता. पण पेनसिल्व्हेनियात राज्यभर जन्मनोंदणी नियमित सुरू झाली ती १९०६ साली, त्यामुळे त्याआधीच्या माणसांसाठी हा कागद म्हणजेच दप्तर. त्यात मुलाचं नाव असतं, बापाचं असतं, आईचं माहेरच्या आडनावासकट असतं, काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि तिच्यातली टाउनशिप (म्हणजे लहान विभाग) असते, बाप्तिस्मा देणारा पाद्री असतो आणि शेवटी साक्षीदार, म्हणजे मुलाचे धर्मपिता आणि धर्ममाता. आमच्या कागदावर लिहिलं होतं: हायडलबर्ग टाउनशिप, बर्क्स काउंटी.

वंशावळ शोधणारे बरेच जण इथून थेट जहाजाच्या यादीवर उडी मारतात. आडनाव जुळलं की मूळपुरुष सापडला म्हणून मोकळे होतात. इंटरनेटवरच्या अर्ध्याअधिक वंशवृक्षांत हेच झालंय, आणि एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवून घेतल्यामुळे ते सगळीकडे पसरलंय. मी कळलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं ठरवलं. १७९७ च्या मुलाचा बाप, मग त्याचा बाप, प्रत्येकाला दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

त्यासाठी याच भागातल्या टल्पहॉकन खोऱ्यातल्या चर्चांच्या दफनभूमी धुंडाळल्या. जुने दगड लाल वालुकाश्माचे, मजकूर जर्मन, आणि पापुद्रे सुटून अक्षरं गळत चाललेली. दुपारच्या उन्हात दगड कोरा दिसतो. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, ऊन तिरपं पडलं की अक्षरं उठून दिसतात, आणि तेव्हा नाही जमलं तर मोठ्या आरशाने बाजूने उजेड टाकायचा. खडू किंवा ताठ ब्रश लावू नये, दगड सुटून येतो. आम्हाला मूळपुरुषाच्या मुलाचा दगड मिळाला. त्यावर जन्मतारीख नव्हती, वय होतं: इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. हे जर्मन लोक वय दिवसापर्यंत कोरून ठेवत, त्यामुळे मृत्यूच्या तारखेतून वजा केलं की जन्म निघतो. निघाला १७४१.

मग चर्चच्या दप्तरात तीच नोंद सापडली, पण तारीख ११ दिवस आधीची. दप्तर योहान कास्पर श्टोफर या ल्यूथरन पाद्र्याचं. तो १७२८ मध्ये आला आणि त्यानंतरची कित्येक दशकं जंगलपट्टीतल्या वस्त्यांवर हिंडून बाप्तिस्मे आणि लग्नं लावत राहिला, सगळ्याची नोंद स्वतःच्या वहीत करत. फरकाचं कारण पंचांगात आहे. ब्रिटिश राज्यात जुनं ज्युलियन पंचांग १७५२ च्या सप्टेंबरपर्यंत चालू होतं, आणि बदलताना ११ दिवस गाळले गेले. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट मुलखांनी मात्र हा बदल १७०० मध्येच केला होता. म्हणजे आमचा मूळपुरुष गावातून निघाला तो एका पंचांगात आणि उतरला तो दुसऱ्या पंचांगात. तारखा जुळवताना हे ध्यानात ठेवावंच लागतं.

या श्टोफरच्या वहीत १७४१ च्या बाप्तिस्म्याचे साक्षीदार म्हणून एक जोडपं होतं. आडनाव आमच्या कुटुंबातलं नव्हतं. मी ते वहीत उतरवून ठेवलं.

इथे थोडं बाजूला जाऊन सांगते. टल्पहॉकनच्या ख्राइस्ट ल्यूथरन चर्चची स्थापना १७४३ ची, आणि या भागातल्या ल्यूथरन मंडळींची घडी बसवणारा हेन्री मेल्खिओर म्यूलेनबर्ग १७४२ मध्ये आला. त्याने इथल्याच कॉनराड वाइझरच्या मुलीशी लग्न केलं. म्यूलेनबर्गला पाठवलं होतं जर्मनीतल्या हाले गावच्या फ्रांक संस्थेने. त्याच संस्थेशी जोडलेले मिशनरी तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला, म्हणजे ट्रांकेबारला जात होते. त्यांच्यातलाच क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५० मध्ये तिथे उतरला आणि पुढे तंजावरला राहिला. आपल्या सरफोजीराजे भोसल्यांना घडवणारा, त्यांचा पालक झालेला श्वार्ट्झ तो हाच. पेनसिल्व्हेनियाहून गेलेली पत्रं आणि तरंगंबाडीहून गेलेली पत्रं हालेच्या एकाच संस्थेच्या दप्तरात आहेत. सासरच्या चर्चचा इतिहास वाचता वाचता तंजावरच्या मराठी दरबारापाशी पोहोचले, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

तर, बर्क्स काउंटी. ही काउंटी १७५२ मध्ये झाली, फिलाडेल्फिया, लँकेस्टर आणि चेस्टर यांचे तुकडे जोडून. त्याआधी टल्पहॉकनचा हा भाग लँकेस्टरमध्ये होता, आणि लँकेस्टर १७२९ मध्ये चेस्टरमधून निघाली. घर जागेवरच असतं, सरहद्द फिरते, आणि कागद ज्या काळचा त्या काळच्या काउंटीच्या गावी राहतो. म्हणून १७५२ नंतरचं सगळं मला रेडिंगला मिळालं आणि आधीचं लँकेस्टरला.

रेडिंगला मूळपुरुषाचं मृत्युपत्र मिळालं, १७७२ चं. मूळ जर्मन, सोबत कोर्टासाठी केलेलं इंग्रजी भाषांतर. मुलांना काय, मुलींना काय हे तीन-चार ओळींत आटोपलं होतं. बायकोसाठी मात्र पानभर मजकूर. शेत थोरल्याने घ्यायचं, पण आईला घरातली शेगडीची खोली तिच्या हयातीपर्यंत. दरसाल ठरावीक बुशेल गहू आणि राय, दळून. एक गाय, तिचा चारा मुलाने घालायचा. बागेतला एक वाफा, तोही तिच्या पसंतीचा. भट्टीत पाव भाजायचा हक्क, विहिरीवर जायचा हक्क. आणि सरपण फोडून दाराशी आणून टाकायचं, नुसतं तोडून रानात ठेवायचं नाही. त्या काळच्या जर्मन शेतकऱ्यांच्या मृत्युपत्रांत अशी कलमं पुष्कळ सापडतात, हे मला नंतर कळलं. पण कळल्याने त्याची किंमत माझ्या लेखी कमी झाली नाही. म्हातारपणी बाईला सुनेच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, याची त्या माणसाने बारकाईने काळजी घेतली होती.

खाली त्याची सही होती, थरथरत्या हाताची, पण स्वतःची. आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला त्याने 'विश्वासू मित्र आणि शेजारी' म्हणून ज्याला नेमलं होतं, तो १७४१ च्या बाप्तिस्म्याचा साक्षीदार होता. एकतीस वर्षं दोघं एकमेकांना धरून होते.

या शेजाऱ्याने माझं सगळं काम केलं.

आधी जमीन. पेनसिल्व्हेनियात जमीन मिळायची तीन टप्प्यांत: वॉरंट (जमीन मोजून द्यायचा हुकूम), मग मोजणी, मग पेटंट (मालकीची सनद). हे कागद हॅरिसबर्गच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत आणि बरेचसे घरबसल्या पाहता येतात. आमच्या माणसाचं वॉरंट १७३७ चं, १५० एकरांचं. तेव्हाचा भाव १०० एकरांना १५ पौंड १० शिलिंग, शिवाय प्रांताचे मालक असलेल्या पेन कुटुंबाला दर एकरी दरसाल अर्धा पेनी. म्हणजे २३ पौंड ५ शिलिंग. परक्या देशात पाच वर्षं काढलेल्या माणसाने (तो १७३२ ला उतरला, ते पुढे येईलच) हे पैसे कुठून उभे केले असतील याचा विचार मी बराच केला. पुष्कळांचं जहाजाचं भाडंच अंगावर असे आणि ते फेडायला तीन ते सहा वर्षं कुणाच्या तरी शेतावर बांधून राबावं लागे. मोजणीच्या नकाशावर हद्दीला लागून कोणाकोणाची जमीन आहे ती नावं लिहिलेली असतात. पूर्वेच्या हद्दीवर तोच शेजारी.

या जमिनीचं आणखी एक सांगितलंच पाहिजे. टल्पहॉकन हे लेनापे या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं खोरं. १७२३ मध्ये न्यूयॉर्ककडून आलेले जर्मन तिथे वसले तेव्हा ती जमीन कुणी विकत घेतलेलीच नव्हती. लेनापेंचा प्रमुख सासूनन याने १७२८ मध्ये फिलाडेल्फियाला येऊन गव्हर्नरसमोर तक्रार केली. खरेदीखत झालं ते १७३२ मध्ये, वस्ती बसून गेल्यावर. सासरच्या मंडळींना आपल्या जुन्या शेताचा सार्थ अभिमान आहे. पण वंशावळीच्या पहिल्या पानावर मी सासूननचं नावही लिहिलं आहे, आणि ते तिथे राहावं असा माझा आग्रह आहे.

आता जहाजाच्या याद्या. ब्रिटिश वसाहतीत इतके जर्मन येताहेत म्हणून प्रांतिक मंडळाने १७२७ च्या सप्टेंबरात नियम केला: परदेशी उतारूंनी फिलाडेल्फियात राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करायची. त्यामुळे तीन याद्या झाल्या. पहिली कप्तानाची, दुसरी राजनिष्ठेच्या शपथेची, तिसरी पोप आणि गादीच्या दुसऱ्या दावेदाराला नाकारणाऱ्या शपथेची. कप्तानाच्या यादीत इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलेलं. बाकीच्या दोन याद्यांत लिहिता येणाऱ्याची स्वतःच्या हातची सही, आणि न येणाऱ्याची निशाणी, शेजारी कारकुनाने घातलेलं नाव. शपथ फक्त सोळा वर्षांवरच्या पुरुषांची. बायका-मुलं बहुतेक याद्यांत नाहीतच. राल्फ स्ट्रासबर्गर आणि विल्यम हिंके यांनी या याद्या १९३४ मध्ये तीन खंडांत छापल्या, आणि दुसऱ्या खंडात सह्यांच्या जशाच्या तशा प्रतिकृती आहेत. नुसती टंकलिखित यादी पाहू नका, हा खंड पाहा.

आमच्या माणसाच्या नावाचे उतारू तीन निघाले: १७३२, १७३८ आणि १७४९. वंशवृक्षांच्या संकेतस्थळांवर बहुतेकांनी १७४९ धरलेलं, कारण त्या सुमाराला सगळ्यात जास्त जहाजं आली. पण १७३७ ला वॉरंट घेतलेला माणूस १७३८ किंवा १७४९ ला उतरणार कसा? १७३२ च्या यादीत त्याच्या खालच्या दुसऱ्या ओळीत तोच शेजारी होता. मग मी मृत्युपत्रातली सही आणि प्रतिकृतीतली सही शेजारी ठेवल्या. चाळीस वर्षांत हात थकला होता, पण आडनावाचं पहिलं अक्षर सुरू करताना घेतलेली डावीकडची लांब गाठ आणि शेवटी खाली ओढलेली शेपूट, दोन्हीकडे हुबेहूब. तिथे मला खात्री पटली.

जर्मनीत कुठलं गाव, हे याद्या सांगत नाहीत. इथे पुन्हा शेजारी उपयोगी पडला. ॲनेट बर्गर्ट यांनी उत्तर क्राइखगाऊ भागातून पेनसिल्व्हेनियात आलेल्यांच्या नोंदी दोन्हीकडची चर्च-दप्तरं ताडून १९८३ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यात आमचा माणूस नव्हता. शेजारी होता, जन्मगावासकट. हायडलबर्ग शहराच्या आग्नेयेला, सिन्सहाइमच्या आसपासचं एक लहान गाव.

त्या गावच्या प्रॉटेस्टंट चर्चचं दप्तर आर्खिऑन या संकेतस्थळावर वर्गणी भरून पाहता येतं. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. ई, एन, एम, यू सगळी सारख्याच काड्यांची, यू ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. पुण्यात असताना मोडी शिकले होते, त्याचा इथे फार फायदा झाला: अक्षर सुटं न वाचता हाताची ओढ वाचायची, आणि लिहिणारा बदलला की पुन्हा पहिल्यापासून सराव करायचा. शिवाय नावांची अडचण. पाच भाऊ असले तर पाचही योहान, आणि हाक मारायची ती दुसऱ्या नावाने: गेओर्ग, पेटर, आडाम, मिखाएल. नुसता योहान शोधत बसलं तर माणूस हाती लागत नाही.

सापडला. १७०५ चा बाप्तिस्मा, १७२८ चं लग्न. पण बाप्तिस्मा सापडला म्हणजे काम झालं असं नाही, आणि हे मी कळकळीने सांगते. त्याच नावाचं मूल लहानपणी गेलं असेल, किंवा मोठा होऊन त्याच गावात नांदला असेल, तर तो आपला माणूस नव्हे. म्हणून त्या गावचे मृत्यू शेवटपर्यंत वाचले. त्याचा मृत्यू तिथे नाही, १७३२ नंतर त्याच्या मुलांचे बाप्तिस्मेही तिथे नाहीत. एक भाऊ लहानपणीच वारला आणि दुसरा १७७१ मध्ये गावातच म्हातारा होऊन गेला. जहाजात तिघे भाऊ नव्हते, एकटाच होता.

एकटा म्हणजे भावांपैकी एकटा. लग्नानंतर गावात त्याला दोन मुलं झाली, १७२९ मध्ये मुलगी आणि १७३१ च्या शरदात मुलगा. मुलगी पुढे मृत्युपत्रात आहे, नवऱ्याच्या आडनावाने. मुलगा कुठेच नाही. गावच्या मृत्यूंत नाही, पेनसिल्व्हेनियाच्या कुठल्याही चर्चच्या वहीत नाही. ऱ्हाइन नदीतून रॉटरडॅमला पोहोचायलाच चार ते सहा आठवडे लागत, कारण जागोजागी जकातनाकी. मग तिथे जहाजाची वाट पाहणं, मग इंग्लंडच्या काउज बंदरात थांबणं, आणि पुढे दोन-तीन महिने समुद्र. लहान मुलं या प्रवासात फार गेली. वर्षाच्या आतलं हे मूल वाटेतच कुठेतरी गेलं असावं, यापलीकडे कागद काही सांगत नाहीत. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्याचं नाव झाडात घाल, बाकीच्यांच्याच ओळीत. घातलं.

डीएनए चाचणीबद्दल सगळे विचारतात. आठ-नऊ पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा आपल्यात उरतो तो नगण्य, कधीकधी काहीच नाही. पुरुषांच्या सरळ ओळीसाठी वाय-गुणसूत्राची चाचणी कामाची आहे, आणि माझ्या नवऱ्याची ती क्राइखगाऊतल्याच एका घराण्याशी जुळली. कागदांना ती पूरक ठरली.

अजून एक बाजू बाकी आहे, मूळपुरुषाच्या बायकोची. लग्नाच्या नोंदीत तिच्या बापाचं गाव वेगळं दिलंय. त्या काळी या भागातले पुष्कळ शेतकरी सरदाराचे बांधलेले असत, आणि परदेशी जायचं तर पैसे भरून सुटका करून घ्यावी लागे, नेलेल्या मालमत्तेवर करही असे. अशा परवानग्यांची दप्तरं कार्ल्सरूहेच्या पुराभिलेखागारात आहेत. वाटेत अडकू नये म्हणून कुणी रीतसर सुटका घेई, कुणी रातोरात निघून जाई. आमची जोडी यातली कोणती, हे तिच्या माहेरच्या गावच्या १७३१ आणि १७३२ च्या कागदांतून कळण्याची शक्यता आहे. तिचं नाव, बापाचं नाव, दोन्ही गावं आणि साल एवढं लिहून मी तिकडे अर्ज पाठवला आहे. सोबत शेजाऱ्याचं नावही दिलंय, कारण परवानग्या कधीकधी एकत्रच मागितल्या जात.